ते काही औषध नव्हतं

डॉक्टरने प्रश्न सरळ विचारला होता आणि युफंगने उत्तरही सरळ दिलं होतं. पुढं जे घडलं त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. लबाडी असती तर निदान शिव्या घालायला कुणीतरी सापडलं असतं.

यिनछ्वानच्या मोठ्या इस्पितळात तिच्या नवऱ्याची, थिंगहायची, हृदयातली एक झडप काढून तिच्या जागी धातूची बसवली होती. लहानपणी आलेल्या कुठल्याशा तापाने ती कुरतडली होती म्हणे. साठीपर्यंत कशीबशी उघडझाप करत राहिली आणि गेल्या हिवाळ्यात तिने हात टेकले. घरी सोडायच्या दिवशी चष्मेवाल्या डॉक्टरने नवराबायकोपुढं एक पांढरी गोळी धरली.

"ही रक्त पातळ ठेवते. घेतली नाही तर झडपेवर गुठळी धरेल आणि डोक्यात जाऊन बसेल. जास्त झाली तर रक्त कुठंही वाहायला लागेल आणि थांबायचं नाही. दोन्हीकडं खड्डा आहे, मधली वाट अरुंद. दर महिन्याला रक्त तपासायला यायचं. कळलं?"

"कळलं," युफंग म्हणाली.

"आणखी काही औषध चालू आहे? गावच्या वैद्याचं काही? मुळ्या, काढे?"

"होतं. आता बंद करते."

"मग दुसरं काही नाही ना?"

"काही नाही."

आणि तिने बोलल्याप्रमाणे केलंही. गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी वैद्य स्वतःच्या पायाने चालत आला, मुळ्यांची पुडी घेऊन. चाळीस वर्षांचा घरोबा. युफंगने त्याला चहा पाजला, पुडी परत दिली आणि म्हणाली, "काका, राग मानू नका. शहरातल्या डॉक्टरने बजावलंय, जडीबुटी बंद." वैद्य राग मानून गेला. थोरल्या जावेने आणलेली जिनसेंगची मुळी तिने कपाटात टाकून कुलूप लावलं. गोळीची वेळ कधी चुकू दिली नाही. गोळी तळहातावर घ्यायची, त्याच्या तोंडात टाकायची, तोंड उघडून दाखव म्हणायचं, मग दुसरं काम. थिंगहाय म्हणायचा, "रुईची आई, मी काय खेचर आहे का दात बघून विकत घ्यायला?"

"खेचर बरं. खेचर सांगितलेलं ऐकतं."

तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, तसं तिने त्याला जपलं. ही गोष्ट सांगताना हे आधी सांगून टाकलेलं बरं.

आता त्या लालबद्दल, म्हणजे मनुक्याएवढ्या त्या लाल फळाबद्दल. आमच्याकडं त्या झाडाचं बाहेरचं नाव कुणी घेत नाही. शहरातल्या डब्यांवर गोजी लिहितात, लिहोत बापडे. झाडाला आम्ही काटा म्हणतो, बागेला काटेबाग आणि फळाला नुसतं लाल. पीत नदी आणि तिला येऊन मिळणारी ती खारट पाण्याची छोटी नदी, या दोघींच्या मधल्या मातीतच खरं लाल होतं. बाकी मुलखात लावतात, उगवतं, पण त्याला लाल म्हणायला आमच्या माणसांची जीभ रेटत नाही. बाळंतिणीला लाल, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना लाल, दारुड्याच्या यकृताला लाल, कंबर धरली की लाल. एक जुनी कथा सांगतात. रस्त्यात एक तरुण बाई एका पांढऱ्या दाढीवाल्याला छडीने बडवत होती. लोकांनी हात धरला, की बाई, म्हाताऱ्या माणसाला मारतेस? तर ती म्हणाली, हा माझा पणतू आहे, लाल खायचा कंटाळा करतो म्हणून बघा कसा झालाय. ही कथा ऐकूनच पोरं मोठी होतात आणि ती खरी की खोटी हे कुणी विचारत नाही, कारण आईने वाटी पुढं केली की खाऊन टाकणं सोपं असतं.

पण औषध? औषध वैद्य देतो, कडू असतं, पैसे पडतात. लाल कण्यांच्या पेजेत असतं, मटणाच्या रश्श्यात असतं, वसंतात त्याचा कोवळा पाला उकडून व्हिनेगर घालून जेवणात असतो. आणि पाण्यात तर असतंच. झाकणाच्या काचेच्या मगात तळाशी मूठभर लाल आणि वर कढत पाणी, हेच आमच्याकडं पाणी. पाहुण्याला पाणी दे म्हटलं की हेच देतात. नुसतं पाणी जनावरांना पाजतात. डॉक्टर दुसऱ्या प्रांतातला होता. त्याने औषध विचारलं, तिने औषध सांगितलं.

इस्पितळात महिनाभर थिंगहायला मिळालं ते नुसतं पाणी. गोळीचं माप त्या पाण्यावर बसवलेलं होतं. घरी आला त्या सकाळी युफंगने त्याचा मग घासून लखलखीत केला, गेल्या वर्षीच्या उन्हाळी तोडीचं जपून ठेवलेलं टपोरं लाल त्यात जरा सढळ हाताने घातलं आणि त्याच्या हातात दिला. पहिला घोट घेऊन त्याने डोळे मिटले. "घरी आलो," म्हणाला. ती चुलीकडं तोंड करून उभी राहिली, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायची तिची पद्धत नव्हती.

थोरली जाऊ दिवसाआड यायची. बोलण्यात तिखट, पण रिकाम्या हाताने कधी यायची नाही. तिचा नवरा, थोरला भाऊ थिंगशान, त्याचंही काळीज नव्या वर्षाच्या सुमाराला ताल सोडून धडधडायला लागलं होतं आणि तोंड जरासं वाकडं होऊन परत सरळ झालं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळाने त्यालाही तीच पांढरी गोळी दिली होती.

"वान घराण्यातल्या पुरुषांची काळजंच कच्ची," जाऊ खाटेवर बसत म्हणाली. "सासऱ्यांचंही असंच. आणि आपण दोघी बघ, दगड."

"दगडाला कोण विचारतं, वहिनी? दुखलं तर विचारतात."

"ते खरं." तिने थिंगहायकडं निरखून पाहिलं. "रंग चढलाय हो भावजींना. लालच देतेस ना भरपूर? जपून बाई. हजार कोस दूर असलेल्या नवऱ्याला लाल देऊ नये, रक्त तापतं म्हणतात, पण हा तर घरातच आहे. वयाचं भान ठेवा दोघं."

थिंगहाय हसता हसता खोकायला लागला. छातीची शिवण दुखली म्हणून त्याने हात दाबून धरला, तरी हसतच राहिला. घर इतकं हसलेलं ते शेवटचंच.

पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या बऱ्या निघाल्या. तिसऱ्या खेपेला रक्त थोडं जास्त पातळ होतं, डॉक्टरने गोळी अर्धी केली आणि पुढच्या महिन्यात नक्की या म्हणून बजावलं. तेवढ्यात काट्याला तोड लागली. काटेबागवाल्याला तोड लागली म्हणजे बाकी सगळं जग थांबतं. पिकलेलं लाल दोन दिवस झाडावर राहिलं की फुटतं, एक पाऊस पडला की गेलं, आणि पक्षी वाट बघतच असतात. दक्षिणेच्या डोंगरातल्या बायका डोक्याला रुमाल बांधून तोडीला आल्या, अंगणात त्यांच्या बाजा पडल्या, मोठ्या कढईत मटण शिजायला लागलं. थिंगहायला वाकायची मनाई होती. तो वाळवणाच्या अंगणात छत्रीखाली खुर्ची टाकून बसायचा आणि सगळ्यांना ओरडायचा. ताजं लाल सोड्याच्या पाण्यातून काढून चटयांवर पसरलं की पुरतं वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. बोट लागलं की काळं पडतं. नवीन बायकांना हे पटत नाही, त्या चाळवायला जातात.

"हात मागं! उन्हाला त्याचं काम करू दे," तो ओरडायचा. "तुमच्या बोटांची त्याला गरज नाही."

"म्हाताऱ्या, घसा जपून," युफंग बागेतून ओरडायची.

तिलाच आठवण होती की तपासणीचा दिवस आला. संध्याकाळी तिने विषय काढला. "उद्या शहरात जायचं. मी सांगते पोरींना, एक दिवस सांभाळतील."

"सांभाळतील कसल्या? सगळं लाल चाळवून काळं करून ठेवतील. ही तोड होऊ दे."

"डॉक्टर म्हणाला होता..."

"डॉक्टरला विचार, तोड म्हणजे काय ते माहीत आहे का त्याला. चार-आठ दिवसांनी काय फरक पडतो? गोळी तर तू चुकवत नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं तर."

ती गप्प बसली. खरं म्हणजे तिलाही जायचं नव्हतं. वर्षाची कमाई झाडाला लटकलेली होती आणि ढग दाटून येत होते. ती तिथं गप्प बसली नसती तर पुढची गोष्ट सांगावी लागली नसती, असं मला तरी वाटतं. तिला काय वाटतं ते तिला विचारायची हिंमत कुणी केली नाही.

त्या आठवड्यात त्याच्या दंडावर निळा डाग दिसला. अंघोळीला पाणी ओतताना तिने पाहिला. तळहाताएवढा, कडा पिवळट.

"कुठं आपटलास?"

"कुठं नाही. खाटेची कड लागली असेल."

मग मांडीवर दुसरा. सकाळी दात घासताना थुंकीत रक्त. युफंगने ते पाहिलं. तिला जे कळत होतं ते तिने केलं. रक्त जातंय म्हणजे अंगात रक्त कमी. यकृत थकलंय, म्हणून डाग. आणि दोन्हीवर काय द्यायचं हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. त्या दिवसापासून मगात दुप्पट लाल पडायला लागलं. सकाळच्या पेजेत लाल, दुपारी मटणाच्या रश्श्यात लाल, आणि संध्याकाळी झाडावरून नुकतं उतरवलेलं, अजून ऊन धरून असलेलं ताजं लाल वाटीभर, दगडी खलात चेचून रस काढलेलं. पहिल्या तोडीचं, वर्षातलं सगळ्यात चांगलं. बाजारात ज्याला सर्वांत जास्त भाव येतो ते तिने विकायला काढलंच नाही, नवऱ्याच्या तोंडात घातलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. तिच्या घरात पिकलेलं तिथंच संपत होतं.

"तू मला गोड करून मारणार," तो वाटी परत देत म्हणाला.

"पी. चेहरा बघ, कागदासारखा झालाय."

"कागदासारखा होता तर शहरात नेऊन लेखापाल करायचं होतंस. इथं काट्यात घातलंस."

त्याने वाटी रिकामी केली. त्याला खरंच आवडायचा तो रस. हे युफंग पुढं कितीदा तरी स्वतःशी बोलली. आवडायचा त्याला.

एका दुपारी वाळवणाजवळ खुर्चीतून उठताना त्याचा तोल गेला. फार जोरात नाही पडला, गुडघ्यावर बसला फक्त आणि खुर्चीची कड कपाळाला लागली. दोन बायकांनी धरून उभं केलं. तो हसला, म्हणाला, चटईवर नाही पडलो हे बरं, सगळं काळं झालं असतं. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाला. ओकारी आली. मग त्याने युफंगला भलत्याच नावाने हाक मारली, त्याच्या मेलेल्या बहिणीच्या. युफंगने ओढणी डोक्याला गुंडाळली, मगात पाणी भरलं, पिशवी उचलली आणि थोरल्या दिराचा छोटा ट्रक बोलावला.

रुई, त्यांची मुलगी, शहरातच एका कापडाच्या दुकानात कामाला होती. ती इस्पितळाच्या दारातच भेटली. थिंगहायला आत नेलं. तेव्हा तो श्वास घेत होता, पण कुणाकडं बघत नव्हता.

चष्मेवाला डॉक्टर बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "डोक्यात रक्तस्राव झालाय. रक्त इतकं पातळ झालंय की आकडा मोजता येत नाही." त्याने युफंगकडं पाहिलं. "गोळी जास्त दिली गेली का?"

"नाही."

"नक्की? अर्धी सांगितली होती. पूर्ण दिलीत?"

"अर्धीच. रोज स्वतःच्या हाताने."

"दुसरं काही औषध? खरं सांगा. आता रागवायची वेळ नाही, मला कळायला हवं."

"काही नाही. वैद्याला परत पाठवला मी. विचारा हिला."

"आई खरं बोलतेय," रुई म्हणाली.

डॉक्टर कपाळ चोळत उभा राहिला. त्याचं लक्ष बाकावर ठेवलेल्या मगाकडं गेलं. गडबडीत युफंगने थिंगहायसाठी भरून आणलेला मग. पाणी तांबूस झालं होतं आणि तळाशी अर्ध्या उंचीपर्यंत लाल फुगून बसलं होतं.

"हे काय?"

"पाणी," युफंग म्हणाली. "त्याचं पाणी."

डॉक्टरने झाकण काढून वास घेतला. "गोजी. एवढी? रोज?"

"हे औषध नाही," युफंग म्हणाली. तिला वाटलं, याला समजलं नाही. "हे लाल आहे. आमच्याकडं सगळे पितात. हे तर... हे पाणी आहे."

डॉक्टरने मग खाली ठेवला. मग हळू आवाजात त्याने सांगितलं, की ही गोळी घेणाऱ्याने गोजी घ्यायची नसते, गोजी गोळीचा जोर वाढवते, अर्धी गोळी दुपटीने काम करायला लागते. तो म्हणाला, मी औषध विचारलं, खाणं विचारलं नाही. चूक माझीही आहे. हे तो चांगल्या मनाने बोलला. पण "माझीही" म्हणजे आधी कुणाची, ते युफंगच्या कानात बरोबर शिरलं.

"आणि चेचून रस दिला तर?" तिने विचारलं.

डॉक्टरने मगावर झाकण परत लावलं.

थिंगहाय दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शुद्धीवर आलाच नाही.

त्याला गावी आणलं. अंगणातल्या चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या आणि तिथं शवपेटी ठेवली. तोडीच्या बायकांनी मजुरी न मागता दोन दिवस काम केलं, मग डोळे पुसत आपल्या डोंगरात निघून गेल्या. रुईने आईला आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं.

"आई, हे कुणाला बोलायचं नाही. झडप बिघडली म्हणायचं. लोकांना तेवढंच कळतं."

"का?"

"का म्हणजे? तुला जगायचंय या गावात. लाल खाऊन माणूस मेला म्हटलं तर आधी तुला वेडी म्हणतील. आणि नाही म्हटलं वेडी, तर मग दुसरं म्हणतील. ते जास्त वाईट."

"नवऱ्याला मारला म्हणतील."

रुईने तोंडावर हात ठेवला. "मी तसं म्हटलं नाही."

"तू नाही म्हटलंस." युफंगने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "बरं. नाही बोलत."

आणि ती बोलली नाही. पुरताना बोलली नाही. लोक यायचे आणि समाचाराला हातात काय आणायचे? लाल. आमच्याकडं दुसरं काय आणतात? कुणी किलोची पिशवी, कुणी लाल फितीने बांधलेलं डबडं, अंगात ताकद राहू दे बाई म्हणून. कोपऱ्यात ढीग झाला. ती प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी घ्यायची, मान लववायची, ढिगावर ठेवायची. रात्री त्या कोपऱ्याकडं पाठ करून झोपायची. पाणी प्यायचं तर अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरून प्यायची, बैलासारखं. रुईने पाहिलं.

सातव्या दिवशी, आत्मा घर बघायला परत येतो त्या दिवशी, नातलग जमले. फोटोपुढं ऊदबत्त्या, वाफवलेल्या पोळ्या, शेवयांची वाटी. बायकांनी मेलेल्यासाठी जाळायच्या कागदी नोटा घडी करून ठेवल्या होत्या. दाराजवळच्या खुर्चीत थोरले दीर थिंगशान बसले होते, दुखवट्याची पांढरी पट्टी बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्या हातात आपला मग. थिंगशान आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. धाकट्याआधी आपला नंबर होता, असं ते सारखं म्हणायचे.

शेजारची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "सून असावी तर अशी. हिने याला सोडलाच नाही, यमाच्या हातातून खेचून चार महिने जगवला."

"त्याच्याकडून एक दिवस लाल चुकलं नाही," दुसरी म्हणाली. "मी डोळ्याने पाहिलंय, भर तोडीत पहिल्या फळाचा रस काढून पाजत होती. बाजारात नेलं असतं तर केवढं आलं असतं."

"म्हणून तर चार महिने मिळाले. नाहीतर शहरातल्या त्या लोखंडी झडपेने काय होतंय?"

युफंग फोटोकडं बघत बसली होती. फोटोतला थिंगहाय बिनहसण्याचा होता, ओळखपत्रासाठी काढलेला. माणसाचा फोटो हसताना काढून ठेवावा, असं तिला वाटलं.

थोरली जाऊ तिच्याजवळ सरकली. तिचा तिखटपणा या आठवड्यात कुठं गेला होता कोण जाणे. तिने युफंगचा हात हातात घेतला. "मी तुला नाही नाही ते बोलायचे. पण शिकले हो तुझ्याकडून. ह्यांनाही परवापासून दाढेतून रक्त येतंय. मी आता तसंच करते, तू केलंस तसं. आजपासून रस. तुझ्याकडचा तो दगडी खल देशील का? आमचा फुटलाय."

युफंगने हात सोडवून घेतला.

"देऊ नका," ती म्हणाली.

"खल?"

"लाल. भावजींना लाल देऊ नका. पाण्यात नको, पेजेत नको, कशात नको."

"आई," रुई दारातून म्हणाली.

"का गं?" जाऊ गोंधळली. "का देऊ नको?"

"ती गोळी आणि लाल एकत्र चालत नाही. रक्त पातळ होत जातं, मग थांबत नाही. आधी दाढेतून येतं. मग अंगावर डाग. मग डोक्यात. डॉक्टरने सांगितलं. शहरात सांगितलं मला."

कोणीतरी हातातल्या कागदी नोटा खाली ठेवल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरीला दुःखाने काही सुचत नाहीय. लालने कधी कुणाचं..."

"मला सगळं सुचतंय, आजी." युफंगचा आवाज चढला नाही. "वहिनी, भावजींना उद्याच नेऊन रक्त तपासा. उद्याच. बाकी मला हवं ते म्हणा."

जाऊ तिच्याकडं बघत राहिली. तिला हिशेब जुळवायला वेळ लागत होता. चार महिन्यांपासून ती या घरात दिवसाआड येत होती, तिने मग पाहिला होता, पेज पाहिली होती, रश्श्यात लाल तरंगताना पाहिलं होतं, स्वतः वाटीत वाढून घेतलं होतं. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावरून सरकताना सगळ्यांना दिसली.

"म्हणजे थिंगहाय भावजी..." ती म्हणाली आणि थांबली. मग एकदम हलक्या आवाजात, जणू कुणी ऐकू नये, "म्हणजे तू दिलंस."

"हो," युफंग म्हणाली. "रोज."

ऊदबत्तीची राख फोटोपुढच्या वाटीत पडली. थिंगशान दाराजवळच्या खुर्चीत मग तोंडाशी धरून तसेच बसले होते, ना पीत होते ना खाली ठेवत होते. जाऊ उठली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या बोटांतून मग सोडवून घेतला. त्यांनी तो सोडला. मग ती नवऱ्याच्या दंडाला धरून, बाही वर सारून, कातडीवर निळं काही दिसतंय का ते उजेडात बघायला लागली. युफंगकडं तिची पाठ होती, आणि बाकीच्या बायका एकेक करून उठून आपापल्या चपला शोधायला लागल्या.